शनिवारी न येणारा आवाज

१

पेटी उचलताक्षणीच तरुण रब्बीला कळलं, की काहीतरी भलतंच झालंय.

शुक्रवारची दुपार होती. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी सिनेगॉगमधलं हेखल झाडून घ्यावं म्हणून त्याने पडदा बाजूला केला होता. हेखल म्हणजे तोरा, ज्यूंचा हाताने लिहिलेला धर्मग्रंथ, ठेवायचं कपाट. इथल्या हेखलात तीन तोरा होत्या. दोन अलीकडच्या, चांदीच्या पत्र्याने मढवलेल्या पेट्यांतल्या. मधली सर्वांत जुनी, काळ्या लाकडाच्या गोल, उभ्या पेटीतली. इथल्या लोकांचे पूर्वज बोटीतून उतरले तेव्हा सामानसुमान समुद्रात सोडून आले, पण ती छातीशी धरून आले, असं म्हातारी माणसं सांगायची. चर्मपत्राची ती गुंडाळी एवढी वजनदार, की उचलताना पाय रोवावे लागत. आज पेटी रिकाम्या डब्यासारखी हातात आली.

त्याने झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

त्याने पहिलं काम केलं ते आत्याला हाक मारायचं. आत्या त्याच्या वडिलांची थोरली बहीण. सगळी हयात पोलीस खात्यात काढून निवृत्त झालेली, आणि भाच्याची पहिलीच नेमणूक म्हणून त्याचं घर लावून द्यायला आलेली. ती प्रार्थनेला कधी बसायची नाही. देवाशी आपलं बोलणं बंद आहे, एवढंच ती सांगायची, आणि कुणी पुढे विचारायला धजायचं नाही.

पदराला हात पुसत ती आली, चष्मा चढवला आणि पेटीत डोकावली.

“कुलूप?”

“जागेवर. किल्ली नेहमीसारखी आतल्या खोलीत खिळ्याला. कुणीही घेऊ शकतं.”

“चांदी?”

“तसूभर हललेली नाही.”

“म्हणजे चोर ठार वेडा आहे, नाहीतर तो चोरच नाही.” आत्याने पेटीच्या तळावरून बोट फिरवलं. बोटाला काळी, चुरचुरीत पूड लागली. “शेवटची कधी पाहिलीस?”

“बुधवारी पेटी पुसली तेव्हा जड होती. उघडून वाचली मात्र कधीच नाही. आल्यापासून मी नवीच वाचतोय. रविवारी सोफर येणार आहे ना, तिन्ही तपासायला.” सोफर म्हणजे तोरा हाताने लिहिणारा आणि तपासणारा. त्याला तरुण रब्बीनेच बोलावलं होतं. “आत्या, मला माहीत आहे कुणी नेली.”

“कुणी?”

त्याने वर, बायकांच्या सज्ज्याकडे पाहिलं. 

“मोठ्या रब्बींनी,” तो म्हणाला.

मोठ्या रब्बींना मातीआड करून चार महिने होत आले होते.

२

आत्याने त्याला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. तो बोलतोय ते निव्वळ वेड नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. कारण तो आवाज तिनेही ऐकला होता.

सिनेगॉगला लागूनच रब्बींचं घर होतं, आणि आत्याच्या खोलीची भिंत थेट सज्ज्याच्या भिंतीला भिडलेली. उजाडता उजाडता त्या भिंतीतून कुणीतरी तोरा म्हणतंय असं ऐकू यायचं. घोगरा, संथ, म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. एक वाक्य म्हणायचा, मग थांबायचा. मग पुढचं वाक्य, पुन्हा शांतता. रखवालदाराने तो ऐकल्यापासून सज्ज्याचा जिना चढणं सोडलं होतं. जुने लोक ओठ आवळून म्हणायचे, “त्यांचाच आहे. आम्ही जन्मभर ऐकलाय.”

आत्याने नळाची धडधड म्हणून तो उडवून लावला होता. पण नळाला हिब्रू येत नाही, हे तिलाही कळत होतं. पहिल्यांदा ऐकला त्या पहाटे ती अंथरुणात ताठ बसून राहिली होती आणि उठून पाहायचं धाडस तिला झालं नव्हतं. ज्या बाईने आयुष्यभर दारं लाथेने उघडली, तिला.

भाचा मात्र त्या आवाजाने पोखरून निघाला होता. जेवायचा नाही, झोपायचा नाही. व्यासपीठावर उभा राहिला की म्हणे मागे कुणीतरी उभं आहे, आपली चूक धरायला. महिनाअखेरीस घरी परत येतो, असं त्याने आईवडिलांना कळवूनही टाकलं होतं.

“भुताला तोरा न्यायची असती तर पेटीसकट नेली असती,” आत्या म्हणाली. “तू उद्याचं वाचन नव्या तोरांवर भागव. कुणाला काही बोलू नकोस. रखवालदाराला पाठव.”

रखवालदार आला, उंच, वाकलेला, हातात टोपी. काल गुरुवारी कोण कोण आलं, ते त्याने आठवून सांगितलं. मोठ्या रब्बींची बायको, जिला सगळे काकू म्हणत, नवऱ्याची प्रार्थनेची शाल न्यायला आली होती. डॉक्टर आले होते, मोठ्या रब्बींना दिलेली स्वतःची पुस्तकं खोक्यात भरून घेऊन गेले. आणि सेक्रेटरी आले होते, छताची गळती बघायला, बरोबर घमेली, गोणी.

“सगळे काहीतरी घेऊन बाहेर पडले म्हणायचं.”

“हो बाई. मी कुणाची झडती घेणार? सगळी घरचीच माणसं.”

सेक्रेटरी म्हणजे समाजाचे कारभारी, धंद्याने बांधकाम कंत्राटदार. त्यांच्याबद्दल गावात एकच बोललं जायचं: समाज आटत चाललाय, तेव्हा हे सिनेगॉग बंद करून मोठ्या शहरातल्यात विलीन करावं, असं त्यांना वाटतं, आणि मोकळ्या जागेवर त्यांचा डोळा आहे. आत्या तडक त्यांच्या ऑफिसात गेली. तिथे एका फोटोला हार होता, कोवळ्या, मिसरूड न फुटलेल्या मुलाच्या. तिने तोराचं सांगितलं तेव्हा सेक्रेटरींनी मान वर केली नाही.

“गेली?” एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “पोलीस नकोत.”

“का?”

“घरातली गोष्ट आहे. बाई, चहा घ्या.”

चहा आला, बरोबर बशीभर बिस्किटं आली. खाण्याच्या बाबतीत हा माणूस कुणाला ऐकायचा नाही, अशी ख्याती. पण त्यांनी बशीला हात लावला नाही, कपही पुढे ओढला नाही.

“तुम्ही?”

“आज पोटाला बरं नाही,” सेक्रेटरी म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

३

शनिवारी आत्या लवकर जागी झाली आणि भिंतीला कान लावून बसली. उजाडलं, पाखरं ओरडायला लागली, रस्त्यावर सायकलींच्या घंट्या वाजल्या. आवाज आला नाही.

प्रार्थनेहून परतलेल्या भाच्याला तिने विचारलं, “तोरा कुठल्या वारी वाचतात रे?”

“सोमवार, गुरुवार आणि शनिवार. पण इथे सोमवारी, गुरुवारी वाचनाला लागणारी दहा माणसं जमत नाहीत, म्हणून सिनेगॉग बंदच असतं.”

“आणि मी आवाज ऐकला तो कायम सोमवारी नाहीतर गुरुवारी. शनिवारी कधीच नाही. तू?”

तो विचारात पडला. “नाही. शनिवारी, शब्बाथला, कधीच नाही.”

“जन्मभर रब्बी असलेला माणूस मेल्यावर नेमका शब्बाथला सुट्टी घेतो?” आत्या म्हणाली. “शब्बाथला काय करत नाहीत?”

“काम करत नाहीत. दिवा लावत नाहीत, यंत्र चालवत...” तो थांबला.

आत्या तिथूनच उठली. ती मोठ्या रब्बींच्या अभ्यासिकेत गेली. ही खोली तिने आल्यापासून तशीच ठेवली होती, कारण भाचा आत बसायला घाबरत होता. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं. पुस्तकांच्या भिंती, मोठी खुर्ची, टेबलावर वाकलेला दिवा. तिने दिव्याच्या टोपीत हात घातला. बल्बच नव्हता. होल्डरमध्ये कोळ्याने जाळं केलं होतं, तेही जुनं, धुळीने जड झालेलं.

मग तिने बोळ पाहिला, घरातून सिनेगॉगकडे जाणारा. भिंतीवर कमरेच्या वर, एका रेषेत, चुन्याचा रंग झिजून तेलकट पट्टा पडला होता. दाराच्या चौकटीशी पट्टा वळायचा आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायचा. तिने त्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून चालून पाहिलं. कुठेही ठेच न लागता ती थेट व्यासपीठापर्यंत पोचली.

डोळे उघडून तिने तेलकट झालेला तळवा पदराला पुसला.

ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हातारे, दवाखाना कधीच बंद केलेले, दारातच उभे राहिले.

“मोठे रब्बी आंधळे होते,” आत्या म्हणाली. “केव्हापासून?”

डॉक्टरांनी दाराचा आधार घेतला. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्यांच्या भिंतीने. आणि आता जुनी तोरा हेखलातून गेलीय. आंधळ्याला तोरा वाचायची परवानगी असते?”

“लोकांसमोर नाही. पाठ असली तरी नाही. अक्षरावर डोळा हवाच.” डॉक्टर हलक्या आवाजात बोलत होते. “मी त्यांना वचन दिलं होतं. मी मागच्या बाकावर बसायचो आणि दर शनिवारी जीव मुठीत धरून ऐकायचो. एक शब्द कधी घसरला नाही. तोरा मी नेली नाही, बाई. नेऊन काय करू? चामड्यावर थोडंच लिहिलेलं असतं, की वाचणारा आंधळा होता.”

ते शेवटचं वाक्य आत्याच्या डोक्यात घर करून बसलं. जाताना डॉक्टर आणखी एक बोलले. “त्यांच्या कबरीवर जाऊन या एकदा. सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून चौथरा बांधून घेतलाय परवा. एवढी घाई कशाची होती, कोण जाणे.”

४

सोफरला भाच्याने फोन करून आठवडाभर थांबायला सांगितलं. सोमवारी, पूर्वेला फटफटत होतं तेव्हा, आत्या सज्ज्याच्या मागच्या जिन्यापाशी उभी राहिली. बरोबर भाचा. तिनेच त्याला ओढत आणला होता. “तुझं भूत आहे, तूच बघ,” म्हणाली.

आवाज सुरू झाला. घोगरा, संथ. एक वाक्य, मग शांतता. भाच्याने तिचा दंड घट्ट धरला. आत्या चढायला लागली. जवळ गेल्यावर तिला जाणवलं, की ती शांतता खरी शांतता नव्हती. त्या जागेत कुणीतरी पुटपुटत होतं, तेच वाक्य, पाठोपाठ.

वरच्या पायरीवरून त्यांनी पाहिलं. सज्ज्याच्या कोपऱ्यात, बाकावर एक लहानखुरी म्हातारी बसली होती. मांडीवर पांढरी शाल, शेजारी जुना टेपरेकॉर्डर, आत फिरणारी कॅसेट. काकू.

त्या दचकल्या नाहीत. बटण दाबून आवाज बंद केला.

“घर तुम्हाला दिलं,” त्या म्हणाल्या, “आणि मी बहिणीकडे गेले. तिथे भिंती पातळ. हे कुठे ऐकू? मागच्या जिन्याची किल्ली माझ्याकडे राहिली होती.”

आत्या त्यांच्या शेजारी बसली. काकूंनी सांगायला सुरुवात केली ती थांबल्याच नाहीत. दृष्टी जायला लागली तेव्हा नवऱ्याने सगळी तोरा आपल्या आवाजात भरून ठेवली, वाक्य म्हणायचं, जागा सोडायची. मग दिसेनासं झाल्यावर दोघं इथे येऊन बसायचे, सोमवारी आणि गुरुवारी. टेप म्हणायची, तो मागून म्हणायचा, त्या पुस्तकात बोट ठेवून तपासायच्या. “रब्बी बदलला असता तर समाज फुटला असता, असं त्यांना वाटायचं. मला वाटायचं, त्यांच्याकडून हे गेलं तर ते जगायचे नाहीत. आता मोकळ्या जागेत मी म्हणते. त्यांची पाळी मी घेते.”

भाचा जिन्यावरच खाली बसला होता. त्याने तळव्यांनी तोंड झाकलं होतं, खांदे हलत होते. इतके आठवडे ज्याला तो भ्याला, ते एका बाईचं दुःख होतं.

“आणि जुनी तोरा, काकू?” आत्याने विचारलं.

“तोराचं काय?”

“ती हेखलात नाही.”

काकूंच्या हातातली शाल खाली घसरली. तो धक्का खरा होता. आत्याने जन्मभर खोटे धक्के पाहिले होते.

५

“मग कुणी नेली?” घरी आल्यावर भाच्याने विचारलं. त्याच्या आवाजात आता भीती नव्हती, चीड होती, आणि आत्याला ते बरं वाटलं.

तिने कागदाची पुडी उघडून त्याच्यापुढे ठेवली. पेटीच्या तळाची काळी पूड. “हे काय आहे?”

त्याने बोटावर घेऊन उजेडात धरली. चुरून पाहिली. “शाई,” तो म्हणाला. “चर्मपत्र जुनं झालं की शाई पापुद्र्याने सुटते. एवढी म्हणजे... आत्या, ओळीच्या ओळी कोऱ्या झाल्या असणार. अशी तोरा बाद होते. वाचायची नाही. मातीच्या भांड्यात घालून, माणसासारखी दफनभूमीत पुरायची.”

“सोफरने उघडली असती तर?”

“पहिल्या नजरेत कळलं असतं. आणि हेही कळलं असतं, की मोठे रब्बी जिथे अक्षरच नव्हतं तिथे वाचत होते.”

“डॉक्टर म्हणाले, चामड्यावर थोडंच लिहिलेलं असतं. लिहिलेलं होतं. पण डॉक्टरांना ते माहीत नव्हतं, ते मागच्या बाकावर. काकूंना माहीत नव्हतं, त्या वर सज्ज्यात. त्यांना डोळ्यांचं ठाऊक, अक्षरांचं नाही. रब्बी वाचत असताना त्यांच्या खांद्याला खांदा लावून, तोरात बघत कोण उभं असतं?”

“चूक धरायला कारभारी उभा राहतो. सेक्रेटरी.”

“शुक्रवारी त्यांनी चहा-बिस्किटाला हात लावला नाही. एक सांग. तोरा हातून पडली तर काय करतात?”

“उपास,” तो म्हणाला, आणि उठून उभा राहिला.

सेक्रेटरी त्यांना दफनभूमीतच सापडले. नव्या चौथऱ्याशी, विटांच्या ढिगावर बसले होते. चौथरा एका कबरीला लागतो त्यापेक्षा हातभर रुंद होता. आत्याने त्या जादा हातभर जागेकडे पाहिलं, आणि सेक्रेटरींनी तिला पाहताना पाहिलं.

“मडक्यात आहे,” ते म्हणाले. “नीट कापडात गुंडाळून. नियम मला माहीत आहे. पेटीतून काढताना एक टोक जमिनीला लागलं.”

“मोठ्या रब्बींचं नाव राखायला?” तरुण रब्बीने विचारलं.

“तेही.” सेक्रेटरी हातातली वीट उलटीपालटी करत राहिले. “माझा मुलगा. तेरा पुरी झाली तेव्हा पहिल्यांदा तोरा वाचायला उभा राहिला. ह्याच तोरावर. घरी जाताना मला म्हणाला, पप्पा, दोन ठिकाणी अक्षरं नव्हती, मी पाठ होतं ते म्हटलं, रब्बीही तसंच करतात. मी म्हटलं, गप्प बस. मग पुढच्या शनिवारी मी स्वतः नीट पाहिलं, आधी तोराकडे, मग त्यांच्या डोळ्यांकडे. त्याच वर्षी पोरगा तापाने गेला. पुन्हा वाचायला उभा राहिलाच नाही. एकदाच, आणि तेही कोऱ्या चामड्यावर. सोफर येणार म्हटल्यावर माझा धीर सुटला. तो परका माणूस भर सभेत म्हणाला असता, हे सगळं बाद.”

 हे आत्याच्या हातातलं नव्हतं. तिने भाच्याकडे पाहिलं, आणि तो चाचरेल असं तिला वाटलं. तो चाचरला नाही. सेक्रेटरींच्या समोर, मातीतच उकिडवा बसला.

“मी तुम्हाला खोटं सांगणार नाही,” तो म्हणाला. “नियमाने पाहिलं तर त्या दिवशीचं वाचन पुरं नव्हतं. पण तोरा बाद आहे हे न कळता वाचनाआधी म्हटलेला आशीर्वाद वाया जात नाही, असं मोठमोठ्या विद्वानांनी मानलंय, आणि मीही मानतो. मुलगा महिनोन्‌महिने बसून पाठ करून आला होता. समोर अक्षर दिसेना, तरी घाबरून थांबला नाही. मी त्याच्या जागी असतो तर पळालो असतो. गेले काही आठवडे पळायच्याच बेतात होतो.”

सेक्रेटरींनी वीट खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“उपास सोडा आता,” तरुण रब्बी म्हणाला. “तोरा जिथे असायला हवी तिथेच आहे. फक्त ती चोरून पुरायची गोष्ट नव्हती. सगळ्यांनी मिळून पोचवायची होती.”

६

समाजाला काय सांगायचं, हे त्याने काकूंवर सोडलं. काकूंनी एक दिवस मागून घेतला आणि मग निरोप धाडला: सगळं सांगा, मी वर बसेन.

शनिवारी सिनेगॉग भरलं होतं. काहीतरी आहे, याचा गावाला सुगावा लागला होता. आत्या दाराशी उभी राहिली, ना आत ना बाहेर. तरुण रब्बीने आधी तोराचं सांगितलं: ती जीर्ण झाली होती, सेक्रेटरींनी ती मोठ्या रब्बींच्या शेजारी पुरली, उद्या आपण सगळे तिथे जाऊन राहिलेली प्रार्थना म्हणू. सेक्रेटरी जागेवर उठून उभे राहिले, आणि मीच नेली, न विचारता नेली, असं मोठ्याने म्हणाले. कुणी त्यांना बसायला सांगितलं नाही, पण शेजाऱ्याने सरकून जागा केली.

मग तरुण रब्बी म्हणाला, “आणखी एक गोष्ट आहे. मोठ्या रब्बींना शेवटची कित्येक वर्षं दिसत नव्हतं.”

 आत्याला वाटलं, आता कुणीतरी उठेल, ओरडेल, निघून जाईल. तिने सवयीने चेहरे तपासायला सुरुवात केली आणि गोंधळली. इतक्या चेहऱ्यांत एकावरही आश्चर्य नव्हतं.

मागच्या बाकावरून डॉक्टर म्हणाले, “मला माहीत होतं.”

“मलाही,” कुणीतरी दुसरं म्हणालं. शिंपी होता तो. “शालीचं माप घेताना कळलं. मी म्हटलं, आपल्यालाच ठाऊक आहे, आपण कशाला बोला.”

“माझ्या लग्नात त्यांनी अंगठी चाचपून पाहिली,” एक बाई वरून म्हणाली.

“मी रस्ता ओलांडून द्यायचो,” रखवालदार म्हणाला. “ते म्हणायचे, ऊन डोळ्यांवर येतंय. ढगाळ दिवशीही म्हणायचे.”

मग एकेक करत सगळे बोलले. प्रत्येकाला ठाऊक होतं, प्रत्येकाला वाटत होतं आपल्याला एकट्यालाच ठाऊक आहे, आणि प्रत्येकाने ते नवरा-बायकोतसुद्धा बोलायचं टाळलं होतं. एवढं मोठं गुपित सगळ्या गावाने एकमेकांपासून जपलं होतं, फक्त त्या दोघांना कळू नये म्हणून.

काकू सज्ज्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी खाली प्रत्येकाकडे पाहिलं, ओळख पटवून घ्यावी तसं. मग खाली बसल्या आणि रडायला लागल्या. नवरा गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, असं त्यांची बहीण नंतर म्हणाली. बायका त्यांच्याजवळ सरकल्या.

तरुण रब्बी पुस्तक उघडून उभा होता. त्याने पान उलटलं नाही, घसा खाकरला नाही. काकूंचं रडणं सावकाश ओसरेपर्यंत तो थांबला, आणि त्याच्याबरोबर अख्खं सिनेगॉग थांबलं. मग त्याने प्रार्थना पुढे सुरू केली.